हौदाला ओहोटी नसते

बोरिवलीकडून होडीत बसलं की थोड्याच वेळात गोराईचा धक्का येतो. पलीकडे विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट, त्याच्या शेजारी १९९८ साली सुरू झालेलं वॉटर किंगडम आणि आणखी पश्चिमेला गेलं की खराखुरा अरबी समुद्र. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सकाळी किनारा आणि दुपारी वॉटर पार्क असा बेत केला होता. तिकिटं काढताना आईने विचारलंच, "एवढा दर्या फुकट पडलाय, आणि तुम्ही हौदात डुंबायला पैसे मोजताय?"

प्रश्न रास्त होता. कृत्रिम लाटांचे जुने तलाव बघितले तर ते मुळात समुद्रापासून दूरच्या गावांत झाले. जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या राडेबॉइलमध्ये १९१२ साली बसवलेलं लाटांचं यंत्र आहे. बुडापेस्टच्या गेलर्ट स्नानगृहात १९२७ साली लाटांचा तलाव झाला, आणि हंगेरीला तर समुद्रच नाही. ज्यांच्या नशिबी दर्या नव्हता त्यांनी तो बांधून घेतला, हे कळण्यासारखं आहे. दर्याच्या काठावर पुन्हा हौद का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नऊ वर्षांच्या भाचीकडे होतं. "मावशी, समुद्राला घसरगुंडी नाही."

घसरगुंडीचं गणित सोपं आहे. दहा मीटर उंचीवरून काहीही अडथळा न येता खाली आलात, तर तळाशी वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास भरतो. प्रत्यक्षात तो कमी असतो, कारण घर्षण थोडं खातं. फायबरच्या पन्हळीवरून सतत सोडलेल्या पाण्याचा पातळ थर अंग आणि पन्हळ यांच्यामध्ये वंगणासारखा काम करतो. पाणी बंद केलं तर त्याच घसरगुंडीवर माणूस मध्येच अडकून बसेल, वर पाठ सोलवटून निघेल ते वेगळंच. सुती कपडे तिथे चालत नाहीत, त्याचं एक कारण हेच. सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि पन्हळीला चिकटतं. दुसरं कारण पुढे येईलच.

आता लाटा. लाटांच्या तलावाच्या खोल टोकाला जी भिंत दिसते तिच्यामागे हवेच्या बंद खोल्या असतात. मोठे पंखे त्यांत हवा कोंबतात, आतलं पाणी खाली दाबलं जातं आणि भिंतीखालच्या फटीतून तलावात ढकललं जातं. मग झडप उघडते, हवा निसटते, पाणी परत वर चढतं. झोपाळ्याला योग्य क्षणी झोका द्यावा तसं हे दर दोन-तीन सेकंदांनी होत राहतं. समुद्रात हेच काम वारा करतो, तोही शेकडो किलोमीटरवर. त्यामुळे दुरून आलेल्या दोन लाटांमध्ये दहा-बारा सेकंद सहज जातात. किनाऱ्याशी मात्र दोन्हीकडे एकच नियम. पाणी उथळ झालं की लाटेचा वेग कमी होतो, मागचा भाग पुढच्यावर चढतो, माथा पुढे झुकतो आणि लाट फुटते. म्हणून तर तलावाचा तळ किनाऱ्यासारखा उतरता बांधतात. खोल भागात ट्यूबवर बसून बघा. लाट खालून निघून जाते, तुम्ही वरखाली होता आणि जवळपास तिथेच राहता. प्रवास लाटेचा होतो, पाण्याचा नाही.

इथवर नक्कल उत्तम जमली आहे. भरती-ओहोटीची मात्र नक्कल करता येत नाही, आणि खरी गोम तिथे आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्र रोज दोनदा येतो आणि दोनदा जातो. हौदातलं पाणी जात नाही. हजारभर माणसं त्यात घाम, तेल, सनस्क्रीन, केस आणि (खोटं कशाला बोला) लघवी सोडतात, ते तिथेच राहतं. मग ते पाणी दिवसभर पंपाने ओढून वाळूच्या थरातून गाळत ठेवावं लागतं. सुती कपड्यांचं दुसरं कारण हे: त्यांचे तंतू सुटून गाळणीत जाऊन बसतात. गाळणी तुंबली की पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुतात. हौदाची ओहोटी म्हणायची तर एवढीच.

गाळणीतून जंतू मात्र सुटतात, त्यांच्यासाठी क्लोरीन. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, तोच हा प्रकार. पाण्यात क्लोरीनचं हायपोक्लोरस आम्ल होतं आणि ते जंतूंना मारतं. ई. कोलायसारखा जीवाणू मिनिटभरही टिकत नाही. पण या आम्लाचे नखरे फार. पाण्याचा पीएच ७.५ च्या आसपास असेल तर त्यातलं निम्मंच कामाचं उरतं, उरलेल्याचं रूपांतर अगदीच मवाळ आयनात होतं. त्यात ऊन. मे महिन्याच्या उन्हात उघड्या तलावातलं क्लोरीन काही तासांत बरंचसं उडून जातं, म्हणून त्याला सायन्युरिक आम्लाची सावली द्यावी लागते. आपण सनस्क्रीन लावतो तसंच.

आणि तो प्रसिद्ध वास? कुठल्याही तलावाशी नाकाला झोंबणारा वास आला की आपण समाधानाने म्हणतो, "भरपूर क्लोरीन टाकलंय हो." उलट आहे. तो वास मुख्यतः क्लोरामाइन्सचा. घाम आणि लघवी यांतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनची गाठ पडली की ती तयार होतात, डोळे चुरचुरतात तेही बहुतेक त्यांच्यामुळेच. म्हणजे वास जितका उग्र, तितकं क्लोरीन आपली घाण निस्तरण्यात खर्ची पडलेलं. तलावात उतरण्याआधी मिनिटभर शॉवर घेतला तर या कच्च्या मालातला बराचसा बाहेरच राहतो. आमच्यासमोर शॉवरची रांग चुकवून थेट पाण्यात धावणाऱ्यांत आमचीच भाची पहिली होती, हेही नोंदवून ठेवते.

क्लोरीनला न जुमानणारा एक जीव आहे, क्रिप्टोस्पोरिडियम. त्याच्या जाड कवचामुळे, लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यातही तो दहा दिवस तग धरू शकतो. त्याच्यामुळे जुलाब होतात आणि जुलाब झालेल्या माणसाकडूनच तो पाण्यात येतो. पोट बिघडलेल्या मुलाला "तिकिटं काढलीत ना आता" म्हणून पाण्यात सोडणं, हे सगळ्या तलावाला महागात पडतं.

दुपारभर डुंबून भाचीच्या बोटांना सुरकुत्या पडल्या. कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून असं होतं, असं आपण समजतो. पण हातातला मज्जातंतू तुटलेल्या रुग्णांच्या बोटांना सुरकुत्या पडत नाहीत, हे डॉक्टरांना १९३० च्या दशकातच दिसलं होतं. मेंदूकडून येणारे मज्जातंतू बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसवतात, आतला भाग बसतो आणि वरची कातडी चुणते. २०१३ साली न्यूकॅसलच्या संशोधकांना आढळलं की अशा बोटांनी ओल्या वस्तू जास्त पटकन उचलता येतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात या सुरकुत्या उशिरा पडतात. सकाळी तासभर लाटांत असूनही तिची बोटं गुळगुळीत का होती, ते मला तेव्हा उमगलं.

परतताना धक्क्यावर आलो तर खाडी ओसरलेली. कांदळवनाची मुळं उघडी पडली होती, चिखलात खेकडे पळत होते, आणि होडी बरीच खाली गेली होती. आईचा हात धरून आम्ही सावकाश पायऱ्या उतरलो. सकाळी याच पायऱ्यांवर पाणी होतं.