व्होलाटाइल म्हणजे कुलूप नव्हे
"ग्लोबल व्हेरिएबल दोन थ्रेड वापरतायत? व्होलाटाइल लाव, झालं काम!" सी ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकताना, थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये सोबत चालणारी कामं आली की हा सल्ला कुणीतरी देतंच. तो चुकीचा आहे. व्होलाटाइल हा व्हेरिएबलला लावायचा शब्द कंपायलरला, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, एवढंच बजावतो: व्हेरिएबलची किंमत प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये धरून बसू नकोस, दर वेळी मेमरीतून खरोखर वाच, खरोखर लिही. उपकरणांच्या हार्डवेअर रजिस्टरसाठी किंवा सिग्नल हँडलर (सिस्टिमकडून इशारा आला की मध्येच चालणारं फंक्शन) बदलतो त्या फ्लॅगसाठी ते हवंच. नाहीतर फ्लॅग एकदाच वाचून लूप कायमचं फिरत राहू शकतं. पण काउंटर एकने वाढवणं म्हणजे वाचणं, मिळवणं, लिहिणं. मध्येच दुसरा थ्रेड घुसला की एक वाढ गायब. तिथे म्युटेक्स हवा, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, किंवा २०११च्या सी मानकात आलेले अटॉमिक प्रकार, ज्यांची वाढ मध्येच तुटत नाही. जावातलं व्होलाटाइल जास्त हमी देतं खरं, पण काउंटरची वाढ तिथेही हरवते.