‘गाडी फिट’ ही सही कोणाची? रेल्वे सुरक्षा प्रमाणपत्रांची पार्श्वभूमी

२२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यातील परधाडे आणि माहेजी या स्थानकांच्या दरम्यान पुष्पक एक्स्प्रेस साखळी ओढल्याने थांबली. गाडीला आग लागल्याची अफवा पसरल्यामुळे अनेक प्रवासी घाईघाईने खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसने त्यांना चिरडले. बारांहून अधिक जीव गेले. त्यानंतर ‘आयुक्तांमार्फत चौकशी’ हे शब्द खान्देशातल्या घराघरांत ऐकू आले. हे आयुक्त रेल्वेचे अधिकारी असावेत, असा बहुतेकांचा समज होता. प्रत्यक्षात रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत येत नाहीत, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. या व्यवस्थेचे मूळ फार मागे जाते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, तेव्हा रेल्वे खासगी कंपन्यांच्या हाती होती आणि त्यांच्या भांडवलावर ठरावीक परतावा देण्याची हमी सरकारने घेतलेली होती. पैशाची जोखीम सरकारची आणि कारभार कंपनीचा, अशा या मांडणीत बांधकामावर व चालवण्यावर देखरेख ठेवण्यासाठी सरकारने सल्लागार अभियंते नेमले. पुढे सरकार स्वतःच लोहमार्ग बांधू लागले, तेव्हा हेच अधिकारी ‘सरकारी निरीक्षक’ म्हणून ओळखले जाऊ लागले आणि १८८३ मध्ये त्यांच्या पदाला कायद्याची मान्यता मिळाली. १८९० च्या रेल्वे कायद्याने नव्या मार्गाची तपासणी केल्याशिवाय तो प्रवाशांसाठी खुला करू नये, हे तत्त्व पक्के केले. १९०५ मध्ये रेल्वे बोर्ड स्थापन झाल्यावर मात्र हे निरीक्षक बोर्डाच्याच हाताखाली गेले. ज्याचे काम तपासायचे त्याच्याच हाताखाली तपासनीस ठेवण्याची ही चूक दुरुस्त व्हायला छत्तीस वर्षे लागली.

ती दुरुस्ती घडवून आणली एका इंजिनाच्या प्रश्नाने. १७ जुलै १९३७ रोजी बिहारमधील बिहटा येथे एक्स्प्रेस गाडी रुळांवरून घसरली आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गाडीला ‘पॅसिफिक’ प्रकारचे, ‘एक्स-बी’ वर्गातले इंजिन होते. ही इंजिने मोठ्या संख्येने खरेदी करून देशभर पाठवलेली होती आणि वेगात ती डोलतात, रूळ वाकडे करतात, अशा तक्रारी आधीपासून येत होत्या. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या पॅसिफिक इंजिन समितीने १९३९ मध्ये इंजिनांच्या रचनेबरोबरच निरीक्षकांच्या स्थानाचाही विचार केला आणि निरीक्षण हे रेल्वे प्रशासनापासून वेगळे असणे इष्ट आहे, असे मत नोंदवले. १९३५ च्या भारत शासन कायद्यातही हाच विचार होता. अखेर मे १९४१ मध्ये निरीक्षक विभाग रेल्वे बोर्डापासून काढून टपाल व हवाई वाहतूक खात्याकडे देण्यात आला. १९६१ मध्ये त्याचे नाव ‘रेल्वे सुरक्षा आयोग’ झाले आणि १९६७ पासून तो पर्यटन व नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला जोडला गेला. त्याचे मुख्यालय लखनौला आहे. भुसावळ विभाग ज्या मध्य रेल्वेत येतो, तिची जबाबदारी मध्य मंडळाच्या आयुक्तांकडे, तर नंदुरबार–अमळनेर बाजूच्या पश्चिम रेल्वेची पश्चिम मंडळाच्या आयुक्तांकडे असते.

इंजिन, डबे आणि वाघिणी (मालडबे) यांना एकत्रितपणे ‘रोलिंग स्टॉक’ म्हणतात. बिहटाच्या अनुभवाचा परिणाम त्यांच्या प्रमाणपत्रांवर आजही दिसतो. १९३० मध्ये सुरू झालेले केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ मधील चाचणी व संशोधन केंद्र यांच्या विलीनीकरणातून १९५७ मध्ये ‘आरडीएसओ’ ही रेल्वेची रचना, संशोधन आणि मानके पाहणारी लखनौची संस्था उभी राहिली. नव्या रचनेचा डबा किंवा इंजिन आले की ही संस्था त्याला आधी तात्पुरते वेग प्रमाणपत्र देते, डोलण्याच्या आणि ब्रेक लावल्यावर थांबण्याच्या अंतराच्या चाचण्या घेते आणि मगच अंतिम प्रमाणपत्र देते. त्यानंतर रूळ, पूल, सिग्नल, वीज आणि यांत्रिक या विभागांचे प्रमुख संयुक्त सुरक्षा प्रमाणपत्रावर सह्या करतात आणि ते आयुक्तांकडे जाते. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम २७ सांगते की एखाद्या मार्गावर आधी न धावलेल्या प्रकारचे वाहन चालवायचे असेल, तर आयुक्तांनी काळजीपूर्वक तपासणी करून अहवाल दिल्यावर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी घ्यावीच लागते. चाळीसगाव–धुळे या छप्पन्न किलोमीटरच्या फाट्यावर विद्युतीकरणानंतर मेमू आली, तेव्हा प्रवाशांना नवे डबे दिसले, पण अशा प्रत्येक बदलामागची ही कागदांची साखळी त्यांच्या नजरेस पडत नाही.

रोजच्या देखभालीची कथा मात्र वेगळ्या वाटेने गेली, आणि ती समजून घ्यायला जळगावइतके चांगले ठिकाण नाही. जळगावला मुंबईहून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची मुख्य वाट होती. १९०० च्या सुमारास सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरकडे येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे या वाटेशी जोडली गेली. हा मार्ग एका स्वतंत्र कंपनीच्या मालकीचा होता आणि तो चालवत होती बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. दोन्ही मार्ग ब्रॉडगेज असल्याने कापसाने भरलेली वाघीण न उतरवता एका कंपनीच्या रुळांवरून दुसरीच्या रुळांवर जाऊ शकत होती. मग प्रश्न उभा राहिला तो असा की वाघिणीचे चाक झिजलेले निघाले, तर दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा? देशभरच्या अशा तंट्यांसाठी १९०३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय रेल्वे परिषद संघाने देवघेवीचे नियम तयार केले. वाहन कोणत्या दोषासाठी नाकारता येईल आणि झीज किती मिलिमीटरपर्यंत चालेल, याचे नेमके माप त्या नियमांच्या भाग तीनमध्ये मालवाघिणींसाठी आणि भाग चारमध्ये प्रवासी डब्यांसाठी लिहिलेले आहे. भुसावळच्या यार्डात काम शिकलेली पिढी हे दोन भाग पाठ करूनच परीक्षेला बसत असे.

माझ्या मते त्या काळची तपासणी चोख होण्यामागे नियमांइतकाच व्यवहारही होता. समोरच्या कंपनीचा तपासनीस दोष लपू देणार नाही, कारण तो दोष स्वीकारला तर भुर्दंड त्याच्याच कंपनीला बसणार. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य आणि पश्चिम रेल्वे स्थापन झाल्या, सगळ्या वाघिणी एकाच देशाच्या झाल्या, आणि ही परस्परांवरची नजर हळूहळू सैल झाली. नियम राहिले, परंतु आता तपासणारा आणि गाडी सोडण्याची घाई असणारा, दोघेही एकाच घरचे झाले.

आज गाडी सुटण्यापूर्वी कॅरेज अँड वॅगन विभागाचा तपासनीस, ज्याला भुसावळमध्ये अजूनही ‘टीएक्सआर’ (ट्रेन एक्झामिनर) म्हणतात, ब्रेक पॉवर सर्टिफिकेट देतो. त्यावर त्याच्यासोबत लोको पायलट आणि गार्ड (आताचे ट्रेन मॅनेजर) यांच्याही सह्या असतात. पूर्वीचा व्हॅक्यूम ब्रेक लांब मालगाडीच्या शेपटापर्यंत पुरेशा जोराने पोहोचत नसे. त्याची जागा एअर ब्रेकने घेतली, आणि आता ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला पाच किलोचा दाब हवा, हे मोजून पाहिले जाते. सावदा, रावेरहून केळी घेऊन दिल्लीकडे निघणारी गाडी असो वा दीपनगरच्या वीज केंद्रावर कोळसा आणणारा रेक, म्हणजे वाघिणींची जोडलेली रांग, असो, हा कागद नसेल तर गाडी हलत नाही. मात्र सगळे रेक एकाच नियमाने बांधलेले नाहीत. ‘क्लोज सर्किट’ रेक, म्हणजे ठरलेल्या मार्गांवर त्याच वाघिणींसह फिरणारा रेक, एकदा शंभर टक्के ब्रेक पॉवरसह तपासून दिला की ठरावीक किलोमीटर किंवा दिवस पूर्ण होईपर्यंत त्याच प्रमाणपत्रावर फेऱ्या करतो. वाघिणींचा तुटवडा आणि वाढती मालवाहतूक यांतून ही सवलत आली. ती तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय आहे, पण तिच्यामुळे मधल्या स्थानकांवरून जाणारी गाडी नजरेने तपासणाऱ्या माणसाचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. ब्रेक चाकाला चिकटून राहिला, तर धूर आणि ठिणग्या सर्वांत आधी त्यालाच दिसतात.

डब्यांची मोठी देखभाल कारखान्यात होते. डब्याच्या टोकाच्या भिंतीवर शेवटच्या पी.ओ.एच.ची (ठरावीक मुदतीने होणाऱ्या मोठ्या देखभालीची) तारीख, कारखान्याचे संक्षिप्त नाव आणि परत येण्याची तारीख रंगवलेली असते. प्रवाशाने फलाटावर उभे राहून ती वाचावी, ती त्याच्याचसाठी उघड्यावर लिहिलेली आहे. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून बनलेले जुने डबे अपघातात एकमेकांवर चढत असत. म्हणून डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये एलएचबी या जर्मन रचनेचेच डबे बनवावेत, अशी शिफारस केली आणि २०१८ च्या जानेवारीत जुन्या रचनेचे उत्पादन थांबले. त्याच समितीने आणखी एक गोष्ट सुचवली होती, ती म्हणजे कायद्याने स्थापन केलेले, रेल्वे बोर्डापासून स्वतंत्र असे रेल्वे सुरक्षा प्राधिकरण. त्याच्याकडे केवळ नवे मार्ग आणि अपघात नव्हे, तर सुरक्षा नियमनाचे व्यापक अधिकार असावेत, असा तिचा आग्रह होता. ते प्राधिकरण झालेले नाही.

धुळे–नरडाणा या नव्या मार्गाचे काम पूर्ण होईल तेव्हा आयुक्त ट्रॉलीवरून रूळ तपासतील, पुलांची पाहणी करतील, वेगाची चाचणी घेतील आणि मगच तो खुला होईल. दुसऱ्या दिवसापासून त्याच रुळांवरून धावणाऱ्या डब्यांचे ब्रेक, चाके आणि बेअरिंग तपासून ‘फिट’ म्हणणारी सही मात्र गाडी चालवणाऱ्या प्रशासनाच्याच माणसाची असेल, आणि ती सही तपासून पाहणारा बाहेरचा माणूस कायद्याने बहुधा अपघातानंतरच तिथे पोहोचेल.