मेडिकलची पोरं मुळातच नाजूक?

मेडिकलचं पोरगं खचलं की ठरलेलं वाक्य येतं: "आजकालच्या मुलांना ताण झेपतच नाही." चूक. अमेरिकेतल्या सहा मेडिकल कॉलेजांची 2014 साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते, की प्रवेश घेताना ही मुलं त्याच वयाच्या इतर पदवीधरांपेक्षा मनानं जास्त ठणठणीत होती. घसरण सुरू होते ती आत आल्यावर. 2016 मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या जगभरच्या अभ्यासांच्या आढाव्यात सुमारे 27 टक्के विद्यार्थ्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणं दिसली. त्यांपैकी उपचारांपर्यंत पोचले जेमतेम 16 टक्के. जाणार तरी कसे? राउंडला पेशंटसमोर झालेला पाणउतारा, तुटलेली झोप हे रोजचंच. वर आपल्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर घेऊन बसावं, तर समोरचा रेसिडेंट डॉक्टर होस्टेलचा सीनियर निघतो!