चित्रातले घर पाहणे

चित्रकाराने रंगवलेले खरे घर, ते चित्र मनात ठेवून, जाऊन पाहण्याची रीत. चित्रकार जिथे जन्मला वा राहिला ते स्मारक वेगळे. इथे घर हाच चित्राचा विषय असतो. आत कोण राहत होते हे नंतर येते. नाशिकमध्ये ही रीत जुन्या गावातल्या वाड्यांभोवती आहे. तिला तिकीट नाही, ठरावीक वेळही नाही.

जगात याची सर्वांत परिचित उदाहरणे दोन. इंग्लंडच्या सफोक परगण्यात स्टूर नदीकाठी फ्लॅटफर्ड येथे विली लॉट या शेतकऱ्याचे घर आहे. जॉन कॉन्स्टेबल यांच्या १८२१ सालच्या ‘द हे वेन’ या चित्रात ते डाव्या बाजूला दिसते. लोक पाण्याकाठी उभे राहून चित्राची जागा शोधतात आणि सगळे नेमके जुळत नाही म्हणून बुचकळ्यात पडतात. जुळणार कसे? जवळपास सहा फूट रुंदीचे ते चित्र कॉन्स्टेबल यांनी लंडनच्या चित्रशाळेत, आधी जागेवर केलेल्या अभ्यासचित्रांवरून रंगवले. दुसरे घर अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एल्डन गावी आहे. छोटेसे, पांढऱ्या फळ्यांचे, वरच्या मजल्याला चर्चसारखी टोकदार कमान असलेली खिडकी. ती खिडकी पाहून चित्रकार ग्रँट वुड यांना १९३० साली ‘अमेरिकन गॉथिक’ हे चित्र सुचले. चित्रातली दोन माणसे म्हणजे त्यांची बहीण आणि त्यांचे दंतवैद्य. ती त्या घरासमोर कधी उभी राहिलीच नाहीत. आज पाहुणे मात्र चित्रातल्या पुरुषासारखे हातात काटेरी दाताळे घेऊन तिथे हौसेने उभे राहतात.

म्हणजे चित्राबरहुकूम घर सापडणे हा या भेटीचा हेतू धरला तर निराशाच पदरी पडेल. चित्रकार कुठे उभा राहिला, त्याने काय गाळले, काय पुढे ओढले, हे डोळ्यांनी ताडून पाहणे हेच तिचे मर्म आहे.

नाशिकमध्ये हे ताडून पाहायला शिवाजी तुपे यांच्या जलरंगांसारखा सोबती नाही. गोदाघाट, देवळे, जुन्या नाशिकच्या गल्ल्या आणि वाडे या निसर्गचित्रकाराने जन्मभर रंगवले. त्यांची चित्रे पाहून घाटावर गेले की पहिली गोष्ट ध्यानात येते ती काळ्या पाषाणाची. बेसाल्ट काळा म्हणतात, पण सकाळच्या तिरप्या उन्हात तो निळसर-जांभळा होतो आणि ओल्या पायरीवर आभाळाचा रंग उतरतो. जलरंगात निव्वळ काळा फासला तर दगड मरतो. हे वर्गात सांगून पटत नाही. पायरीवर बसून पाहिले की लगेच पटते.

वाड्यांमध्ये सुरुवात सरकारवाड्यापासून करावी. सराफ बाजारालगतचा हा पेशवेकालीन वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. खाली दगडी जोते आणि उंच पायऱ्या, वर लाकडी काम. पूर आला की गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीबरोबर या पायऱ्यांचेही नाव निघते: पाणी सरकारवाड्याच्या पायरीला लागले का, असे नाशिककर विचारतात. १९६९ आणि २००८ च्या महापुरांच्या आठवणी अजून याच खुणांनी सांगितल्या जातात. आत सुरूदार खांब आहेत, म्हणजे सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर आणि वर निमुळते. अशा एका खांबापाशी थांबून वर पाहावे. खांब तुळईला मिळतो तिथे कोरलेल्या केळफुलाच्या पाकळ्यांत सावली साठलेली असते, आणि चौकातले ऊन सरकेल तशी ती पाकळी पाकळी मोकळी होते. चित्रकार चौकाला का भुलतात ते इथे कळते. उजेड वरून एकाच ठिकाणी पडतो, ओसरी अर्ध्या प्रकाशात राहते आणि माजघराचे दार पूर्ण अंधारात. एका चौकटीत तीन छटा आयत्या मिळतात.

सरकारवाड्याबाहेरचे वाडे मात्र नांदती घरे आहेत. जुनी तांबट गल्ली, तिवंधा, भद्रकाली या भागांत दिंडी दरवाजा उघडा दिसला तरी थेट आत शिरू नये. ‘मावशी, चौक बघू का जरा?’ एवढे विचारले की बहुधा ‘या की’ येते, आणि मागोमाग चहा. चपला ओसरीखाली काढाव्यात, दुपारची झोपेची वेळ टाळावी, आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. स्केचबुक असेल तर जास्त वेळ बसू देतात, कारण कागदावर आपले घर उमटताना पाहायला घरातली म्हातारी माणसे शेजारी येऊन बसतात. कडीपाट कुठून गळतो आणि आड कधी बुजवला, हे ती न विचारता सांगतात.

पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा जातात. मालक-भाडेकरूंच्या वादात दुरुस्ती रखडते, पांढरी माती भिजून भिंती बसतात, आणि एका वाड्याच्या जागी इमारत उभी राहते. राहत्या माणसांच्या जिवाचा प्रश्न असल्याने वाडा जपा असे बाहेरून सांगणे सोपे नाही. पण पाडण्याआधी निदान त्याचे रेखाटन, मोजमाप आणि छायाचित्रे तरी व्हावीत. वाडा पडल्यावर कितीदा चित्र हाच पुरावा उरतो.

तरीही भेटीची रीत थांबत नाही. फ्रान्समधील आर्ल येथे व्हॅन गॉग यांनी १८८८ साली रंगवलेले पिवळे घर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेले. मागची इमारत आणि पुढचा रेल्वेपूल शिल्लक आहे, आणि लोक तेवढ्यावरून घराची जागा ओळखतात. जुन्या नाशिकमध्येही चित्र हातात घेऊन गल्लीच्या वळणावर उभे राहिले, तर समोरच्या देवळाचा कळस आणि रस्त्याचा उतार जुळतो. मधला वाडा तेवढा नसतो.