हॉलमार्क शुद्धता सांगतो, खाण नाही

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साज घ्यायला गेलं की हमखास कानावर येतं, "हॉलमार्क हाय, म्हणजे एक नंबरचं सोनं." वर्षानुवर्षं आपण हेच धरून चाललोय. पण ते अर्धंच खरं आहे.

दागिन्यावरचा हा हॉलमार्कचा शिक्का भिंगाखाली बघा: भारतीय मानक ब्यूरोचं त्रिकोणी बीआयएस चिन्ह, २२के९१६ (२२के म्हणजे २२ कॅरट) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. हमी एवढीच. मुशीत आटवलं की बेकायदा खाणीतलं चोरटं सोनंही बाकीच्यात मिसळून जातं आणि कसाला तितकंच उतरतं.

ॲमेझॉनच्या जंगलात बेकायदा खाणींवर गाळात पारा कालवतात, तो सोन्याचे कण धरतो. मग तो गोळा उघड्यावर तापवतात. वाफ तिथल्याच माणसांच्या छातीत जाते. उरलेला पारा नदीत, माशात आणि मासे खाणाऱ्या गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. ब्राझीलमध्ये अशाच खाणी ज्यांच्या जंगलात घुसल्या त्या यानोमामी आदिवासींसाठी जानेवारी २०२३ मध्ये आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. कुपोषणानं, मलेरियानं लेकरं दगावत होती, हो, लेकरं!

म्हणून सराफांना शुद्धतेबरोबर "हे आणता कुठनं?" हेही विचारा. मी विचारलं. "मुंबईच्या व्यापाऱ्याकडनं," ते म्हणाले. त्यापलीकडचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.