बोअर केलं म्हणजे स्ट्रोकर झालं?

'इंजिन बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकले की गाडी स्ट्रोकर होते', हा मेसेज साताऱ्यातल्या गाडीवेड्यांत वर्षानुवर्षं फिरतोय.

बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव; ही धाव वाढवलेलं इंजिन म्हणजे स्ट्रोकर. बोअरिंगने फक्त व्यास वाढतो. ७५ मिमी बोअर, ८० मिमी स्ट्रोकचं चार सिलिंडरचं इंजिन साधारण १४१४ सीसीचं. बोअर अर्धा मिमी वाढवला तर १४३३. जेमतेम १९ सीसी! मग बोअरिंगनंतर यवतेश्वरचा घाट गाडी झपाट्याने का चढते? झिजलेल्या सिलिंडरमधून निसटणारं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने तयार केलेला दाब, परत मिळालं म्हणून. अनुभव खरा, कारण वेगळं.

स्ट्रोकरसाठी क्रँकच, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव गोल फिरवणारा दांडाच, बदलावा लागतो. याच इंजिनाचा स्ट्रोक ८८ मिमी केला की १५५५ सीसी. पण मग पिस्टन ४ मिमी जास्त वर येतो, म्हणून पिनचं (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या खिळीचं) भोक तेवढं वर असलेले पिस्टन किंवा तेवढे आखूड रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे दांडे) लागतात. खाली रॉडचे बोल्ट ब्लॉकला घासतात का, हे क्रँक हाताने फिरवून बघायचं. घाईत नेमकं हेच राहतं.

कामाआधी आणि नंतर कॉम्प्रेशन गेज लावून बघा. बिलात नवा क्रँक नसेल, तर झालंय ते साधं रिबोअर.