जर्किनचा आवाज आणि सांबराचे कान

वैशाखी पौर्णिमेची रात्र. चांदोलीच्या बाजूचा एक पाणवठा आणि झाडावर बांधलेलं मचाण. अकराच्या सुमारास उतारावरचा पाचोळा वाजला. मोठं जनावर जपून पाय टाकत खाली येत होतं. सांबराची मादी होती, मागोमाग पिल्लू. पाणी दहा-बारा पावलांवर राहिलं असताना मी दुर्बीण डोळ्यांना लावायला हात उचलला आणि जर्किनची बाही कुशीला घासली. 'सर्रऽ'. शेजारी बसलेल्या माणसानं मानही वळवली नाही. खाली मात्र दोन्ही कान थेट मचाणाकडे वळले, पुढचा खूर जमिनीवर आपटला, 'ढांक' असा खणखणीत आवाज झाला आणि मायलेकरं रानात दिसेनाशी झाली. पहाटेपर्यंत ती परतली नाहीत. ऐन उन्हाळ्यात एका लेकुरवाळीला पाण्याच्या तोंडाशी येऊन तहानेलं परतावं लागलं आणि त्याला कारण माझी बाही, हे मनाला फार लागलं. तेव्हापासून कपड्यांचा आवाज नेमका कुठून येतो, याचा शोध घेतोय.

या प्रश्नावर सर्वांत बारकाईनं विचार केलाय तो अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांनी. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणांची शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. तिकडे मात्र ठरावीक हंगामात परवाना काढून शिकार चालते. त्यातही धनुष्यबाण वापरणाऱ्याला हरणाच्या वीस-तीस मीटर जवळ जावं लागतं. तेवढ्या अंतरात बाही वाजली की दिवस वाया. म्हणून धनुष्याइतकाच विचार ते अंगावरच्या कोटाचा करतात. त्यांचं हे ज्ञान आपल्याला शिकारीसाठी नको. जनावराला न बिचकवता पाहण्यासाठी हवं.

आधी कान पाहू. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची श्रवणशक्ती प्रयोगशाळेत मोजली गेली आहे. हे हरीण आपल्या सांबराच्या, चितळाच्या आणि भेकराच्याच कुळातलं. आवाजाची पट्टी किती उंच ते किलोहर्ट्झमध्ये मोजतात. माणसाला जास्तीत जास्त 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्या हरणाला 54पर्यंत. पण इथं महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. आपला कान 2 ते 5 किलोहर्ट्झच्या टापूत सर्वांत तीक्ष्ण असतो, म्हणजे बाळाचं रडणं आणि माणसाचं बोलणं जिथं ठळक असतं तिथं. हरणाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो 8 किलोहर्ट्झच्या आसपास. काटकी मोडणं, पाचोळा चुरगळणं, गवतातून काहीतरी सरकणं, या सगळ्या आवाजांची धार त्याच वरच्या पट्टीत असते. वाघ-बिबट्यासारखं दबा धरून येणारं जनावर नेमका असाच आवाज करतं. आणि दुर्दैवानं नायलॉनची बाहीही तसाच करते.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, बाही घासल्याचा 8 किलोहर्ट्झच्या पट्टीतला आवाज एक मीटरवर 40 डेसिबल आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. या हिशेबानं 50 मीटरवर 34 डेसिबल गेले, उरले 6. इतक्या चिरक्या आवाजातला काही भाग हवाही शोषून घेते. उबदार, दमट रात्री त्यात आणखी तीन-चार डेसिबल जातात. हाती राहिले जेमतेम 2. या पट्टीत माणसाला आवाजाची चाहूल लागायला साधारण 13 डेसिबल लागतात, म्हणून माझ्या शेजाऱ्याच्या जागी 50 मीटरवरचा कोणी असता तर त्याला शांतताच वाटली असती. हरणाला मात्र शून्याच्याही खालचा, सुमारे उणे 3 डेसिबलचा आवाज पुरतो (शून्य डेसिबल म्हणजे आवाजच नाही असं नव्हे). शिवाय त्याचे कान एकेकटे हव्या त्या दिशेला फिरतात. त्यात रात्र. वारा पडलेला, पाखरं गप्प. जमीन निवली की तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. पाणवठ्याच्या खोलगट जागेत तो दूरवर पोचतो.

आता कपडा. आवाज दोन वाटांनी येतो. पहिली घासण्याची. जर्किनच्या बाहीवरून नख झरकन ओढून पाहा, मग तेच सावकाश ओढा. जोरात ओढलं की आवाजाची पट्टी चढते, कारण नख एकेका धाग्यावर अडकतं आणि सुटतं. धागे जितके बारीक, घट्ट आणि गुळगुळीत तितके हे झटके जास्त. कपड्याला कपडा घासतानाही असंच होतं. आता तेच नख जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती सदऱ्यावरून ओढा. धाग्यातून बाहेर आलेले सुटे तंतू मधे गादीसारखे येतात, वाकतात, आणि झटक्याची ताकद आवाज व्हायच्या आतच जिरते.

दुसरी वाट चुण्यांची, आणि मला ती अधिक थक्क करणारी वाटते. कडक, पातळ कापड मुडपलं की त्यावरची चुणी हळूहळू सरकत नाही. ती एका आकारातून टुणकन दुसऱ्या आकारात उडी घेते. पत्र्याच्या डब्याचं झाकण दाबल्यावर 'टक' होतं ना, तसं. पाऊस अडवायला जर्किनच्या आतून प्लास्टिकचा थर दिलेला असतो, त्यामुळे अशा शेकडो 'टक' मिळून ती 'चुरचुर' होते. थंडीत हा थर आणखी ताठरतो. महाबळेश्वरच्या पहाटे तेच जर्किन साताऱ्यातल्यापेक्षा जास्त वाजतं ते म्हणूनच. 1990च्या दशकात काही भौतिकशास्त्रज्ञांनी चुरगळणाऱ्या प्लास्टिकच्या आवाजाचा अभ्यास केला. पेपरमिंटच्या गोळीचा कागद कितीही सावकाश उलगडला तरी एकेक टक तेवढीच मोठी राहते, फक्त दोन टकांमधलं अंतर वाढतं, असं त्यात दिसलं. मचाणावर मी नंतर नेमका हाच उपाय करत बसलो होतो: हात अगदी हळू हलवायचा. चुण्यांपुढे तो चालत नाही.

यावरून एक गैरसमज दूर होतो. 'सुती शांत, कृत्रिम गोंगाटी' असं सरसकट नसतं. रस्त्याकडेला मिळणारा फ्लीसचा मऊ स्वेटर पॉलिस्टरचाच असतो, पण तो विणलेला असतो आणि वरून पिंजून त्याची लव काढलेली असते, म्हणून तो जवळजवळ मुका. उलट शुद्ध सुती झब्बा कडक खळ घालून इस्त्री केला की चालताना वाजतो. रेशमाची सळसळ तर मुद्दाम आणतात. रेशमाला सौम्य आम्लाची प्रक्रिया दिली की ती वाढते. कपडा कशाचा आहे यापेक्षा तो किती ताठ आहे आणि त्याच्या अंगावर लव आहे की नाही, यावर सगळं ठरतं.

आणि इथं मला आपलं घोंगडं आठवतं. आटपाडी, जत, माण, खटावकडचे मेंढके वर्षानुवर्षं ते खांद्यावर टाकून रानं तुडवतात. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, केसाळ. प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले आणि अंगचा कुरळेपणा, त्यामुळे कापडात हवेचे असंख्य कप्पे राहतात. ते ऊब धरतात आणि आवाजही गिळतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल शोषूनही हाताला कोरडी लागते. नवं घोंगडं मात्र थोडं वाजतं, टोचतंही, कारण सनगर कारागीर मागावर सुताला चिंचोक्याची खळ देतात. खळ उतरली की घोंगडं मवाळ होतं. अमेरिकेतले जुने शिकारीसुद्धा जाड लोकरीचाच कोट घालायचे, हे वाचलं तेव्हा मला घरातली खुंटी आठवली. आजोबांचं घोंगडं तिथं अजून आहे.

कपड्यावरच्या किरकोळ गोष्टीही दगा देतात. वेल्क्रो उघडण्याचा आवाज तर जंगलातला कुठलाच नव्हे. खिशाला बटण बरं. चेनच्या टोकाला लोंबणारी पत्र्याची पट्टी काढून दोरा बांधा. किल्ल्या आणि सुटे पैसे पिशवीत, फडक्यात गुंडाळून. रंगाचं फार मनावर घेऊ नका, हरणाला लाल आणि हिरव्यातला फरक आपल्यासारखा कळत नाही. पण 'जास्त पांढरं' करणाऱ्या पावडरीत धुतलेले कपडे टाळा. त्यातली चमक आणणारी द्रव्यं हरणाच्या डोळ्याला आपल्यापेक्षा ठळक दिसतात. वाऱ्याची दिशा चुकली तर घोंगडंही वाचवणार नाही, कारण वाऱ्यावरून आपला वास हरणापर्यंत पोचतो.

सागरेश्वरला मात्र गणित थोडं बदलतं. देवराष्ट्रेजवळच्या उजाड डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानं माणसांनी हे रान उभं केलं. जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात सांबर, चितळ आणि काळवीट तिन्ही दिसतात. काळवीट खरं तर हरणाच्या नव्हे, कुरंगाच्या (अँटिलोपच्या) कुळातलं. त्याची शिंगं दरवर्षी गळत नाहीत. मोकळ्या माळावरचं हे जनावर डोळ्यांवर जास्त विसंबतं, तिथं हालचाल आवाजापेक्षा लवकर घात करते. झाडीतलं सांबर कानांवर जगतं.

पुढच्या वैशाखात मी घोंगडं घेऊन गेलो. खाली जुना सुती सदरा, पायात मऊ तळाचे बूट. साडेदहाला दोन माद्या आल्या. मी दुर्बीण उचलली, कान हलले नाहीत. खाली मान घालून त्या पाणी पीत राहिल्या. घोट घेतल्याचा आवाज वर मचाणापर्यंत येत होता. मग शेजाऱ्यानं पाण्याची बाटली काढायला पिशवीची चेन ओढली. एका मादीचा डावा कान तेवढा फिरला, क्षणभर थांबला आणि परत पाण्याकडे गेला.